सीगलच्या बातमीवर सही करण्याआधी : ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या मराठी मंडळींना खुले पत्र

मंडळी, सस्नेह नमस्कार.

गेल्या गुरुवारी आपल्या गावच्या साप्ताहिकाचं पहिलं पान तुमच्यापैकी बहुतेकांच्या फोनवर आलं असेल. ‘छपरांवरची दहशत’ हा मथळा, त्याखाली चोच वासून अंगावर येणारा सीगल, आणि आत एका आजींच्या डोक्याला पक्ष्याचा फटका बसल्याची बातमी. शनिवारपर्यंत त्यातून अर्ज तयार झाला : गावातल्या छपरांवरची सगळी घरटी कौन्सिलने (म्हणजे इथल्या पालिकेने) ताबडतोब हटवावीत. आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांनी त्यावर सही केली. दुसरीकडे आपल्यातल्याच काही पक्षीप्रेमींनी बातमी लिहिणाऱ्या मुलीला जे शब्द लिहून पाठवले ते मी इथे उतरवू शकत नाही. माझं हे पत्र दोघांनाही आहे. सही करणाऱ्यांना आणि शिव्या देणाऱ्यांना.

मी पक्ष्यांच्या बाजूची आहे हे आधीच सांगून टाकते. गावात येऊन मला चौदा वर्षं झाली. माझ्या माळ्याच्या खिडकीसमोर शेजाऱ्यांचं धुराडं आहे आणि त्याच्या पायथ्याशी दर एप्रिलमध्ये हेरिंग गलची, म्हणजे सीगलच्याच एका जातीची, एकच जोडी घरटं करते. तरीही सुरुवात मी पक्ष्यापासून करणार नाही, आजींपासून करते.

मी त्यांना भेटून आले. पांढऱ्या केसांच्या भांगाजवळ नखाएवढी खपली धरली आहे. जखम बरी होईल. पण त्या म्हणाल्या, "लागलं त्याचं काही नाही गं, पण मागून कधी येतो ते कळत नाही, त्यामुळे पत्र टाकायला जायचं टाळते." ऐंशीच्या घरातलं माणूस पत्रपेटीपर्यंत जायला घाबरतं ही खरी बातमी आहे आणि ती छापायलाच हवी होती. ‘पक्षी निष्पाप आहे, तुम्हीच त्याच्या जागेत आलात’ असं त्यांना सांगायला जाणाऱ्या आपल्या मित्रांना माझी हात जोडून विनंती आहे : असं करू नका. जिला लागलं आहे तिला आधी ‘लागलं’ म्हणू द्या. त्यानंतरच ती तुमचं काही ऐकेल.

आता त्या बातमीत काय राहून गेलं ते सांगते.

बातमीत तीन निरनिराळ्या तक्रारी एका पिशवीत भरल्या होत्या. समुद्रावरच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या हातातून चिप्स पळवणं ही एक. घरट्याजवळून जाणाऱ्यावर झेप घेणं ही दुसरी. पहाटे चारचा कलकलाट, गाडीवरची घाण आणि फाडलेल्या कचऱ्याच्या पिशव्या ही तिसरी. पक्षी एकच, म्हणून कारणही एकच असेल असं वाटतं. तसं नाही. वेळ वेगळी, कारण वेगळं आणि उपायही वेगळा. छापलेला फोटो चिप्स पळवणाऱ्याचा होता आणि आजींना लागलं ते घरट्यामुळे. वाचणाऱ्याच्या मनात चित्र उभं राहिलं ते भुकेल्या, बिथरलेल्या पक्ष्यांच्या टोळीचं. मग ‘सगळी घरटी हटवा’ हा अर्ज त्याला पटणारच.

आजींच्या बाबतीत काय झालं ते मी खिडकीतून रोज बघते. मेच्या सुरुवातीला त्या धुराड्याशी तीन अंडी होती, शेवाळी रंगाची, त्यावर काळपट ठिपके. साधारण चार आठवड्यांनी पिल्लं बाहेर आली. करड्या लवेची, डोक्यावर काळे ठिपके असलेली. मोठ्या पक्ष्याच्या पिवळ्या चोचीवर खालच्या बाजूला एक लाल ठिपका असतो. पिल्लू त्या ठिपक्यावर टोच मारतं, की आई किंवा बाप घशातलं अन्न बाहेर काढून त्याच्यापुढे ठेवतो. हा ठिपका आणि पिल्लाची टोच यांच्यावर नीको टिनबर्गन यांनी बारकाईने प्रयोग केले. प्राण्यांच्या वागणुकीचा अभ्यास हे शास्त्र म्हणून उभं करणाऱ्यांपैकी ते एक, आणि त्या कामासाठी 1973 चं नोबेल त्यांना लोरेन्ट्स आणि फॉन फ्रिश यांच्यासोबत मिळालं. ज्याला आपण ‘उडता उंदीर’ म्हणतो, त्याच्या चोचीवरचा ठिपका विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत आहे, हे मला दर वर्षी नव्याने आठवतं.

पिल्लाला उडता यायला पाच-सहा आठवडे लागतात. त्याआधी ते कौलांवरून फिरायला लागतं आणि कधी तरी घसरून खाली पडतं. या महिन्यात तेच झालं. पिल्लू आजींच्या वाटेवरच्या कुंपणाशी बसलं होतं. आईबाप वर, पिल्लू खाली, आणि मधून जाणारं प्रत्येक माणूस त्यांच्या हिशेबी कोल्हा. आधी पक्षी वरून घोगऱ्या आवाजात ‘गॅ-गॅ-गॅ’ करतो. तो इशारा असतो. माणूस थांबलं नाही तर डोक्यावरून सूं करून जातो. तरीही नाही, तर वरून विष्ठा टाकतो. प्रत्यक्ष स्पर्श हा शेवटचा टप्पा, आणि तो बहुधा मागून, शरीराच्या सर्वांत उंच भागावर. आजींना कमी ऐकू येतं. पहिले दोन इशारे त्यांच्यापर्यंत पोचलेच नाहीत.

मंडळी, हे आपल्याला नवीन नाही. कावळ्याच्या घरट्याखालून जाताना डोक्यावर टोच खाल्ली नाही असं आपल्यात कोण आहे? कावळ्याने वीण सुरू केली की घरातली मोठी माणसं म्हणायची, त्या झाडाखालून जाऊ नका, जायचंच तर छत्री घ्या. कावळ्यांविरुद्ध अर्ज कुणी केला नाही. ही गोष्ट आपल्याला आतून ठाऊक आहे, म्हणून तुमच्या सह्या बघून मला जास्त वाईट वाटलं. छत्री इथेही चालते. उघडायचीही गरज नाही, डोक्याच्या वर उभी धरली तरी पक्षी छत्रीच्या टोकाकडे जातो. मी आजींबरोबर तीन दिवस पत्रपेटीपर्यंत गेले, माझी जुनी लांब दांड्याची छत्री वर धरून. पक्षी आला, छत्रीवरून गेला, आजी चालत राहिल्या. चौथ्या दिवशी पिल्लू कुणीतरी उचलून गॅरेजच्या सपाट छतावर ठेवलं आणि त्या रस्त्यावरची ‘दहशत’ संपली. ही ओळ मात्र कुठे छापून आली नाही.

चिप्सची गोष्ट वेगळी. ती चोरी आहे आणि चोरी आपण शिकवलेली आहे. एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर एक साधा प्रयोग केला आणि 2019 मध्ये तो प्रसिद्ध झाला. जमिनीवर चिप्सची पिशवी ठेवायची आणि जवळ बसून एकदा पक्ष्याकडे टक लावून बघायचं, एकदा तोंड फिरवून बसायचं. बघत राहिलं तर पक्षी पिशवीपाशी यायला सरासरी 21 सेकंद जास्त घेत होता. माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट पुढची आहे. 74 पक्ष्यांवर प्रयोग करायला गेले, पण त्यातले जेमतेम 27 पिशवीच्या वाटेला गेले. बाकीच्यांनी माणसाजवळच्या आयत्या अन्नाकडेही पाठ फिरवली. म्हणजे फोटोतला तो चोच वासलेला पक्षी त्या जमातीचा सर्वसाधारण नमुना नाही.

ब्रिस्टलमधल्या अभ्यासात पक्ष्यांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली छोटी यंत्रं बसवली होती. शाळेच्या मधल्या सुट्टीच्या वेळी पक्षी शाळेवर हजर, आणि कचरा केंद्रावर माल उतरवण्याच्या वेळेला तिथे हजर. वेळापत्रक आपलं, ते पाळतात एवढंच. त्यामुळे कचऱ्याची तक्रार कौन्सिलच्या कचरा विभागाची आहे, पक्ष्याच्या दारात नेऊन उपयोग नाही. कचरा उचलण्याच्या आदल्या रात्री पातळ काळी पिशवी फुटपाथवर ठेवली की पहाटे ती फाटणार. अनेक कौन्सिलं जाड, झाकणाच्या, पुन्हा वापरायच्या पिशव्या देतात त्या यासाठीच. आपल्या गल्लीत किती घरांनी मागवल्या? मी मागच्या बुधवारी पहाटे मोजलं : बावीस घरांपैकी सहा.

आता त्या वाक्याकडे येते जे वाचून मला सर्वांत जास्त राग आला. ‘सीगलची संख्या बेसुमार वाढली आहे.’ बातमीदार मुलगी खोटं बोललेली नाही. तिला तिच्या डोळ्यांनी जे दिसलं ते तिने लिहिलं. गावात ते वाढलेत. पण गावात वाढले म्हणजे देशात वाढले, असं नाही. समुद्रकाठचे कडे आणि बेटं या मूळ जागांवरची हेरिंग गलची वीण दोन राष्ट्रीय गणनांच्या मधल्या वीसेक वर्षांत जवळजवळ निम्मी झाली. हा पक्षी 2009 पासून ब्रिटनच्या लाल यादीत आहे. ही यादी ‘सर्वांत जास्त काळजी’ची. छपरावर दिसणारा पक्षी हा बाकी कुठे धड जागा न उरलेला पक्षी आहे. दिवाणखान्यात पाहुण्यांची गर्दी दिसते म्हणून त्यांच्या घरची परिस्थिती उत्तम असेल असं आपण म्हणत नाही.

गावात ते आले कसे हेही सांगायला हवं, कारण त्यात आपला, म्हणजे शहरांचा, हात आहे. 1956 च्या शुद्ध हवा कायद्यानंतर कचरा जाळणं आटोपलं आणि तो उघड्यावर टाकून मातीने झाकायची पद्धत आली. हिवाळ्यातही पोट भरायची सोय झाली. आणि छप्पर म्हणजे पक्ष्याच्या दृष्टीने कडाच. कोल्हा चढू शकत नाही, दगडविटांना उष्णता असते, दिव्यांमुळे रात्रीही अन्न शोधता येतं. ब्रिस्टलमध्ये पीटर रॉक नावाचे गृहस्थ 1980 पासून शहरी गलच्या पायांत रंगीत कडी घालून त्यांचा माग ठेवत आले आहेत. एक जोडी त्याच छपराकडे कशी वर्षानुवर्षं परत येते ते अशा कड्यांमुळेच कळतं.

अर्जातली मागणी कायद्यात बसत नाही हेही सही करणाऱ्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. 1981 च्या वन्यजीव आणि ग्रामीण परिसर कायद्याने रानपक्षी, त्यांची अंडी आणि वापरात असलेलं किंवा बांधलं जात असलेलं घरटं यांना संरक्षण आहे. परवान्याशिवाय जूनमध्ये घरट्याला हात लावणं गुन्हा आहे, त्याला दंड आहे आणि तुरुंगही. कौन्सिल नाही म्हणणार, मग साप्ताहिक छापणार ‘कौन्सिल हातावर हात ठेवून’, आणि पुढच्या जूनमध्ये आपण पुन्हा तिथेच. समजा परवाना मिळाला, तरी अंडी काढली की जोडी पुन्हा अंडी घालते. ज्या पिल्लांची उडायची वेळ जुलैत यायची ती ऑगस्टमध्ये जाते. आजींची भीती महिन्याने लांबते.

हा घोळ आपण आधी बघितलेला आहे. मार्च 2015 च्या अंदाजपत्रकात सरकारने शहरी गलच्या अभ्यासासाठी अडीच लाख पौंड ठेवले होते. निवडणुकीनंतर ते काम गुंडाळलं गेलं. त्याच उन्हाळ्यात कॉर्नवॉलमध्ये एक छोटा कुत्रा आणि एक कासव सीगलच्या चोचीने दगावल्याच्या बातम्या आल्या, वृत्तपत्रांनी आठवडे गाजवले, आणि तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांनी यावर ‘मोठी चर्चा’ व्हायला हवी असं रेडिओवर सांगितलं. चर्चेचा गाजावाजा झाला आणि ज्यातून उत्तर मिळालं असतं तो अभ्यास आधीच बंद पडलेला होता.

याच्या उलट टाइन नदीकाठी बघा. न्यूकॅसल आणि गेट्सहेडमध्ये पुलावर आणि इमारतींच्या कडांवर किटीवेक घरटी करतात. तेही गलच. घाणीच्या तक्रारी तिथेही आहेत, काही इमारतींवर जाळ्या आहेत. पण समुद्रापासून इतकी आत असलेली किटीवेकची वस्ती जगात दुसरी नाही, असं तिथे अभिमानाने सांगितलं जातं. एका इमारतीचं रूपांतर होताना त्यावरची घरटी जाणार म्हणून पक्ष्यांसाठी वेगळा मनोरा उभारला गेला. तिथली माणसं आपल्याहून सहनशील असतील असं मला वाटत नाही. पक्ष्याची गोष्ट त्यांना तक्रारीच्या आधी कुणीतरी सांगितली होती, हा फरक आहे.

म्हणून शिव्या लिहिणाऱ्या माझ्या मित्रांना आता थोडं कडक बोलते. मी त्या बातमीदार मुलीशी फोनवर बोलले. त्या दिवशी तिला आणखी तीन बातम्या द्यायच्या होत्या. कौन्सिलकडून फोन आला नाही, पक्ष्यांबद्दल सांगणारं तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं, आणि फोटो संग्रहातून निवडला गेला. तुमची पत्रं तिने वाचली आहेत. त्यातून तिला एकच गोष्ट कळली, की पक्षीवाली माणसं भांडखोर असतात. पुढच्या वेळी ती आपल्याकडे येईल का? ज्यांनी लिहिलं त्यांनी या आठवड्यात दोन ओळींची माफी पाठवावी. स्पष्टीकरण देऊ नये.

मी संपादकांना पाठवलेलं पत्र सव्वाशे शब्दांचं आहे. पहिल्या वाक्यात आजींची चौकशी आहे. दुसऱ्यात पिल्लू पडलं होतं हे, तिसऱ्यात छत्री. मग घरट्याची तक्रार वेगळी आणि चिप्सची वेगळी हे, आणि शेवटी माझा फोन नंबर. ‘दहशत’ या शब्दाबद्दल मी त्यात एक अक्षरही लिहिलेलं नाही. मथळ्याशी भांडत बसलो की पत्राची जागा तिथेच संपते आणि छत्री छापायची राहून जाते.

त्यापेक्षा मोलाचं वाटतं ते पुढच्या वर्षाचं. साप्ताहिकाला जूनमध्ये बातमी हवी असते कारण जूनमध्ये पक्षी ओरडतात. पण उपाय जूनमध्ये नसतात, ते फेब्रुवारीत असतात. धुराड्यावर जाळीची टोपी बसवायची, छपराच्या पन्हाळीच्या कडेला पक्षी टिकणार नाही अशी व्यवस्था करायची, फाटकी जाळी बदलायची (फाटक्या जाळीत पक्षी अडकून मरतात, ती नसलेली बरी), जिथे खरोखर त्रास होतो तिथे घरटं सुरू होण्याआधीच जागा बंद करायची. त्यासाठी परवाना लागत नाही आणि कुणाचं पिल्लूही मरत नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ‘छप्पर तपासा’ ही बातमी, मेअखेरीस ‘पिल्लू दिसलं तर काय कराल’ ही बातमी, आणि पर्यटक यायच्या आधी किनाऱ्यावरच्या खाद्यगाड्यांसाठी ‘खाताना पाठ भिंतीला लावा, पक्ष्याकडे बघत राहा’ अशी चौकट. या तिन्ही मी त्या मुलीला लिहून दिल्या आहेत. फेब्रुवारीची ती घेईन म्हणाली.

सही केलेल्यांना मी सही मागे घ्या असं म्हणत नाही. अर्जातलं वाक्य बदला एवढंच म्हणते. ‘सगळी घरटी हटवा’ च्या जागी ‘शाळेजवळच्या रस्त्यावर जून-जुलैत सूचनाफलक लावा, आणि प्रत्येक घराला जाड पिशव्या द्या’. या मागण्या कौन्सिल मान्य करू शकतं, नाकारलं तर त्याला कारण द्यावं लागेल, आणि ते कारण छापण्याजोगं असेल. नवा मसुदा माझ्याकडे तयार आहे.

रविवारी अकरा वाजता ती बातमीदार मुलगी माझ्या माळ्यावर येणार आहे, कॅमेरा घेऊन. धुराड्यापाशी दोन पिल्लं अजून आहेत, तिसरं गॅरेजच्या छतावर पंख फडफडवून बघतंय, कालपर्यंत वीतभर वर उठत होतं. खिडकी लहान आहे, एका वेळी तिघांनाच उभं राहता येतं, तेव्हा येणार असाल तर आधी कळवा. आजींना मी सांगितलं आहे. जिना त्यांना जमला तर पहिली जागा त्यांची.

तुमची,
समोरच्या धुराड्याची शेजारीण